अपघाताआधीची मोजणी

रस्त्याच्या साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा तीन वर्षांत दहा माणसं दगावली, की केंद्र सरकारच्या व्याख्येनुसार ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. मग तिथली पाहणी होते, फलक लागतात, दुरुस्तीसाठी निधी मागता येतो. महामार्गासाठी ही व्याख्या उपयोगाची आहे. मेढ्यातल्या सायकलवाल्या मुलासाठी मात्र ती निरुपयोगी आहे.

मेढा हे जावळी तालुक्याचं ठिकाण, वेण्णेच्या काठचं. सातारा–महाबळेश्वर रस्ता गावातूनच जातो. नगरपंचायत, तहसील, एसटी आगार आणि शाळा असल्यामुळे आसपासच्या गावांची रोजची ये-जा इथं असते. शनिवारी शाळा सकाळची असते आणि त्याच सकाळी महाबळेश्वरकडे निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या गावातून जात असतात. पावसाळा सरताना कासच्या फुलांचे दिवस आले की त्यात आणखी भर पडते. अशा रस्त्यावर सायकलला घासून गेलेली गाडी, ऐनवेळी दाबलेला ब्रेक, गटाराच्या कडेला उतरवलेलं चाक यांची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. छोट्या गावात सायकलचे गंभीर अपघात मोजकेच होतात, म्हणून कागदावर रस्ता निर्धोक दिसतो. पाच अपघातांची वाट पाहत बसण्यापेक्षा अपघात टळलेले प्रसंग मोजावेत आणि ते मेढ्यासारख्या गावानंच मोजावेत, असं मला ठामपणे वाटतं.

टळलेले अपघात मोजायचं शास्त्र नवीन नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेत जनरल मोटर्सच्या पर्किन्स आणि हॅरिस या संशोधकांनी चौकात उभं राहून वाहनांचे ‘संघर्ष’ मोजले. कुणी अचानक ब्रेक दाबला, कुणी वळण घेता घेता दुसऱ्याला चुकवलं, अशा प्रसंगांची ती मोजणी होती. पुढे स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात ख्रिस्टर हायडन यांनी १९८७ पर्यंत ही पद्धत पक्की बांधली. चुकवण्याची हालचाल सुरू झाली तेव्हा टक्कर किती सेकंदांवर होती, हे ती विचारते. दीड सेकंदापेक्षा कमी वेळ उरला असेल तर तो प्रसंग ढोबळमानानं गंभीर धरतात. ताशी ४० किलोमीटर वेगानं येणारी गाडी दीड सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे येते आणि चालकाला धोका कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच साधारण एक सेकंद निघून जातो. अपघात वर्षाला एखादा होत असेल, पण असे संघर्ष एका सकाळीत अनेक दिसू शकतात. ज्याला निष्कर्ष काढायचा आहे, त्याला पुरेसे आकडे वर्षानुवर्षं न थांबता मिळतात.

ब्रिटनमध्ये रेचल ऑल्ड्रेड यांनी २०१४ मध्ये हेच सायकलवाल्यांना विचारून केलं. ठरवलेल्या एका दिवसाची डायरी लिहायची: कुठून कुठे गेलात, काय प्रसंग आले, किती भीती वाटली. खूप घाबरवणारा प्रसंग नियमित सायकल चालवणाऱ्याला सरासरी आठवड्यातून एकदा येतो, असं त्यातून दिसलं. मला त्यापेक्षाही महत्त्वाची वाटली ती पुढची बाब. ताशी सुमारे १३ किलोमीटरपेक्षा हळू चालवणाऱ्यांना, ताशी १९ किलोमीटरच्या वर चालवणाऱ्यांच्या तुलनेत, दर मैलामागे तिप्पट प्रसंग येत होते. बायकांना ते पुरुषांच्या जवळपास दुप्पट येत होते. म्हणजे रस्ता सगळ्यांना सारखा वागवत नाही. दप्तर पाठीला लावून चढावर पायडल मारणारी आठवीतली मुलगी ताशी १३ किलोमीटरच्या आतच असणार.

आपल्याकडे नेमकी हीच मुलगी आकडेवारीतून निसटते. शहरांमध्ये हल्ली सायकलींचे नकाशे स्ट्राव्हासारख्या मोबाइल ॲपवरून काढले जातात. हेल्मेट-जर्सी घालून पहाटे घाट चढणारे त्यात ठळक दिसतात. शाळेची मुलं, बांधकामावर जाणारा गवंडी, डबा घेऊन सायकलवर कामाला निघालेला माणूस यांच्या रस्त्यावर नकाशात एक रेघही उमटत नाही. २०११च्या जनगणनेनं शेतीबाहेरच्या कामगारांना विचारलं, कामावर कशानं जाता? देशभरात सुमारे १३ टक्क्यांनी ‘सायकलनं’ असं सांगितलं. तो प्रश्नही कामावर जाणाऱ्यांपुरता होता, शाळेत जाणारी पोरं त्यात नव्हतीच.

जे सायकल चालवत नाहीत, त्यांनाही विचारायला हवं. पोर्टलंड शहरातले रॉजर गेलर यांनी २००६ मध्ये आपल्या शहराचा अंदाज मांडला, तेव्हा सर्वांत मोठा गट, साधारण ६० टक्के, ‘चालवायला आवडेल, पण भीती वाटते’ असा निघाला. रस्त्यावर आज दिसणाऱ्या सायकलवाल्यांचीच मुलाखत घेतली तर हा सगळा गट सुटतो. मेढ्यात तो शोधायचा तर पालकांना विचारावं लागेल: मुलगी सायकलवर का जात नाही? अंतर, चढ, पाऊस, गाड्या की दुसरं काही? आणि मुलीला वेगळं विचारावं, कारण दोघांची उत्तरं जुळतीलच असं नाही.

अपघातांच्या नुसत्या संख्येमागे आणखी एक फसगत आहे. एका रस्त्यावर वर्षात सायकलचा एकही अपघात नाही, म्हणजे रस्ता चांगला आहे, की तिथून जायची कुणाची हिंमतच होत नाही? किती सायकली गेल्या हे कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही. अमेरिकेतले पीटर जेकबसन यांनी २००३ मध्ये अनेक शहरांची आकडेवारी तपासली. सायकलवाले दुप्पट झाले तर प्रत्येकाचा धोका सुमारे एक तृतीयांशानं कमी होतो, असं त्यांना आढळलं. सायकली जास्त म्हणून धोका कमी, की धोका कमी म्हणून सायकली जास्त, हा वाद अजून आहे. पण सायकली मोजल्याच नाहीत, तर वादसुद्धा घालता येत नाही.

झालेले अपघातही पूर्ण नोंदले जात नाहीत. गुडघा फुटला, मनगट मुरगळलं तर मुलगा दवाखान्यात जातो, पोलीस ठाण्यात नाही. अशा वेळी तळ्यातले मासे मोजायची जुनी युक्ती उपयोगी पडते. समजा, पोलिसांच्या यादीत २० जखमी आहेत, दवाखान्यांच्या यादीत ३०, आणि १० नावं दोन्हींत आहेत. म्हणजे दवाखान्यात आलेल्यांपैकी एक तृतीयांशच पोलिसांपर्यंत पोचले. पोलिसांनी एकूण जखमींचाही तेवढाच हिस्सा टिपला असं धरलं, तर खरी संख्या ६०च्या आसपास येते. दोन्ही याद्या एकमेकींवर अवलंबून नसाव्यात, ही अट मात्र पाळायला हवी. २०२१ पासून महाराष्ट्रात ‘आयरॅड’ या राष्ट्रीय अपघात नोंद प्रणालीत पोलीस मोबाइलवरून जागेसह नोंद करू लागले. आयआयटी मद्रास आणि एनआयसीनं घडवलेली ही यंत्रणा मोठी सोय आहे, पण तिच्यापर्यंत न पोचलेला अपघात ती दाखवू शकत नाही.

आकडे गोळा केले की रस्ता आपोआप सुधारतो, असंही नाही. साताऱ्याहून पुण्यात शिरताना लागणाऱ्या कात्रज–स्वारगेट रस्त्यावर २००६ मध्ये बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका आली, सोबत सायकलमार्ग आले. पुण्यातल्या अशा कितीतरी मार्गांवर पुढे गाड्या उभ्या राहिल्या, टपऱ्या आल्या, चौक आला की मार्गच संपला. २०१७ मध्ये महापालिकेनं सर्वंकष सायकल आराखडाही मंजूर केला. कागदावर शेकडो किलोमीटर लांबीचं जाळं असलं, तरी सायकलवाला एका तुटलेल्या चौकापाशी अडतो. म्हणून मोजणी एकदा करून भागत नाही. काम झाल्यावर त्याच जागी, त्याच वेळी ती पुन्हा करावी लागते.

मेढ्यासाठी हे सगळं आवाक्यातलं आहे. नववीच्या वर्गानं तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी हाच प्रकल्प घ्यावा. मुलांनी शिक्षकांसोबत, रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर बसावं. शाळा भरताना, सुटताना, बाजाराच्या दिवशी आणि शनिवारी सकाळी मोजावं. वहीवर पाच-पाचच्या रेघा ओढायच्या: सायकल किती, मुली किती, डबलसीट किती, रस्त्यात उभ्या गाड्यांमुळे मधोमध यावं लागलं ते किती, कट मारलेले किती. कट कशाला म्हणायचं हे आधी ठरवावं आणि दोन मुलांनी एकमेकांच्या वह्या न पाहता तोच चौक मोजावा. दोघांचे आकडे फार वेगळे आले तर व्याख्या सुधारावी. शंका असलेला प्रसंग मोबाइलच्या चित्रीकरणात पुन्हा पाहता येतो.

मग नगरपंचायतीनं आणि रस्त्याच्या खात्यानं एका ठिकाणी काही आठवडे बदल करून पाहावा: शाळेच्या वेळेत रस्त्याकडेला गाड्या लावू न देणं, वळणावर तात्पुरते बॅरल ठेवणं. दुसरी एक जागा मुद्दाम तशीच ठेवून दोन्हीकडे पुन्हा मोजावं. हे आवश्यक आहे, कारण ज्या महिन्यात कट फार झाले, त्याच्या पुढच्या महिन्यात ते बऱ्याचदा आपोआपच कमी दिसतात आणि श्रेय बॅरलला मिळतं. बदललेल्या जागी न बदललेल्यापेक्षा ठळक घट दिसली, तर तो तक्ता जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे ठेवता येईल. त्यात एकही मृत्यू नसेल. तासाला किती सायकली गेल्या आणि त्यांतल्या किती थोडक्यात वाचल्या, एवढंच असेल.