वादो, वाई, वा...

आमची कन्या विवाहानंतर इटलीतील तोरिनो नगरी स्थायिक झाली, तेव्हा आम्ही उभयतांनी बडोद्यास बसून इटालियन शिकण्याचा निश्चय केला. विहीणबाईंना इंग्रजी येत नाही. आणि दर वेळी कन्येस दुभाषी करून बोलणे आमच्या मनास रुचेना.

आरंभीचे पाठ सुखाने पार पडले. मग ‘आन्दारे’ हे क्रियापद पुढे आले. आन्दारे म्हणजे जाणे. नियमाप्रमाणे ‘मी जातो’ याचे रूप ‘आन्दो’ व्हावयास हवे. ते होते ‘वादो’! तू जातोस ‘वाई’, तो जातो ‘वा’, ते जातात ‘वान्नो’. परंतु आम्ही जातो ‘आन्दियामो’ आणि तुम्ही जाता ‘आन्दाते’. एकाच क्रियापदात दोन घराणी नांदतात. ‘व’चे घराणे लॅटिन ‘वादेरे’पासून आलेले, ‘आन्द’च्या कुळाविषयी विद्वानांत अद्याप एकमत नाही. आम्हांस एक खूण मात्र फार उपयोगी पडली. उच्चाराचा आघात धातूवर असेल तेथे ‘व’, तो प्रत्ययावर सरकला की ‘आन्द’.

या अव्यवस्थेस आम्ही प्रथम मनमुराद हसलो. मग लक्षात आले की, आपल्या ‘जातो’ आणि ‘गेलो’ यांत तरी कोणते साम्य आहे? पहिले संस्कृत ‘या’ धातूचे अपत्य, दुसरे ‘गम्’ धातूच्या ‘गत’ या रूपाचे. जन्मभर बोलत आलो म्हणून ते खटकत नाही, इतकेच.

भूतकाळ तर अगदी घरचाच वाटला. तो गेला म्हणजे ‘ए आन्दातो’, ती गेली म्हणजे ‘ए आन्दाता’. कर्त्याचे लिंग क्रियापदाने सांगावे, ही रीत मराठी माणसास कोणी शिकवावयास नको. सहायक म्हणून ‘असणे’ जोडले की काम झाले.

या सोपेपणानेच आमचा घात केला. गेल्या श्रावणात कन्या प्रवासात असताना आम्ही आपण होऊन विहीणबाईंस फोन केला, आणि त्यांच्या थोरल्या बंधूंचे क्षेम विचारले. त्या म्हणाल्या, ‘‘से ने आन्दातो.’’ वाक्य समजल्याच्या आनंदात आम्ही तत्काळ पुढचा प्रश्न केला, ‘‘दोवे?’’ कोठे? त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग पडद्यावर त्यांनी नुसते वर बोट दाखविले.

‘से ने’ म्हणजे येथून, निघून. ‘निघून गेले’ असा साधा अर्थ. आणि माणसाविषयी हळू आवाजात म्हटले, तर दुसरा. ‘आजोबा गेले’ असे म्हणत जे वाढले, घरातून बाहेर पडताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणावे हे ज्यांना आईने शिकविले, त्या आम्हांस तो अर्थ ऐकू येऊ नये!

रात्रभर झोप आली नाही. तोरिनो उन्हाळ्यात आपल्यामागे साडेतीन तास असते. तेथे उजाडण्याची वाट पाहून आम्ही पुन्हा फोन लावला आणि कागदावर लिहून घेतलेले वाचले, ‘‘मी दिस्प्याचे.’’ आम्हांस फार वाईट वाटते. विहीणबाईंचे डोळे भरून आले. मग अर्धा तास त्या बंधूंविषयी बोलत राहिल्या. त्यातील चौथाई आम्हांस कळले असेल. निरोप घेण्याची वेळ आली, तेव्हा ‘वादो’ हा शब्द ओठांवर आला होता. तो गिळून आम्ही म्हटले, ‘‘आ प्रेस्तो.’’ लवकरच भेटू.