आयात शुल्क उतरले, तरी अवशेषांची मर्यादा कायम

शिक्रापूर, शिरूर आणि दौंड परिसरातील द्राक्ष बागायतदारांनो, परदेशाशी व्यापार करार झाला की निर्यात सोपी होईल, असे वाटणे साहजिक आहे. २४ जुलै २०२५ रोजी भारत-ब्रिटन करारावर सह्या झाल्या. अशा करारांमुळे आयात शुल्क कमी होते. मात्र फळात कीडनाशकाचा किती अंश चालेल, हे आयात करणारा देशच ठरवतो.

नियम कुठून येतो?

जागतिक व्यापार संघटनेचा अन्नसुरक्षा व वनस्पती आरोग्यविषयक करार १ जानेवारी १९९५ पासून लागू आहे. देशांनी ‘कोडेक्स’ या आंतरराष्ट्रीय मानकांचा आधार घ्यावा, असे तो सांगतो. परंतु शास्त्रीय कारण दाखवता आले, तर त्याहून कडक मर्यादा ठेवण्याची मुभाही देतो. कोडेक्समध्ये बसणारा माल युरोपात नाकारला जाऊ शकतो, तो यामुळेच.

युरोपीय संघात सप्टेंबर २००८ पासून सर्व सदस्य देशांना एकच कमाल अवशेष मर्यादा, म्हणजेच एमआरएल, लागू आहे. ज्या औषधासाठी स्वतंत्र मर्यादा दिलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागते. म्हणजे एक टन द्राक्षांत फक्त १० मिलिग्रॅम! ब्रिटन संघातून बाहेर पडल्यापासून त्याची यादी वेगळी आहे. त्यामुळे एका बाजारात पास झालेला माल दुसऱ्या बाजारात चालेलच, असे धरून चालू नका.

२०१० चा धडा

त्या हंगामात युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे बागायतदारांच्या बोलीतील ‘सीसीसी’चे, अवशेष आढळले आणि अनेक कंटेनर अडकले. हे कीडनाशक नव्हे, तर खरड छाटणीनंतर वेलीची शाकीय वाढ रोखणारे संजीवक आहे. निर्यातीपूर्वी तपासल्या जाणाऱ्या औषधांच्या यादीत ते तेव्हा नव्हते. त्यामुळे इथल्या तपासणीत पास झालेला माल तिथे नापास झाला आणि फटका बागायतदाराला बसला. पुढे या औषधाचा तपासणीत समावेश झाला.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. निर्यातीची तयारी घड लागल्यावर नाही, तर एप्रिलच्या छाटणीपासूनच सुरू होते.

तुम्ही काय करावे?

- बागेची नोंदणी कृषी विभागामार्फत अपेडाच्या प्रणालीवर वेळेत करा.
- मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची चालू हंगामाची शिफारस यादीच वापरा. मागच्या वर्षीची यादी चालणार नाही.
- माल कोणत्या देशात जाणार, हे निर्यातदाराला आधीच विचारा आणि त्या देशाच्या मर्यादेनुसार फवारणीचे वेळापत्रक ठरवा.
- प्रत्येक फवारणीची तारीख, औषधातील घटक आणि मात्रा लिहून ठेवा. संजीवकेही त्यात नोंदवा.
- शेवटची फवारणी आणि काढणी यांतील प्रतीक्षा कालावधी पाळा.
- घटक न छापलेले ‘टॉनिक’ वापरू नका. त्यात काय आहे ते तुम्हाला ठाऊक नसते, प्रयोगशाळेला मात्र सापडते.
- अवशेष तपासणीचा अहवाल हाती आल्याशिवाय काढणी सुरू करू नका.

करारामुळे बाजाराचे दार उघडते. आत जायचे की दारातून परतायचे, हे मात्र तुमच्या फवारणीच्या वहीवर ठरते.