शेकडा पासष्ट

युरोपातील घरोघरच्या कचऱ्याचा जमाखर्च पाहू लागले म्हणजे दृष्टी प्रथम जर्मनीकडे वळते, आणि ते यथार्थही आहे. कारण वेष्टनांच्या विल्हेवाटीचा भार १९९१ साली उत्पादकांवरच टाकून त्या देशाने इतरांना वाट दाखवली. तथापि मला मनापासून कौतुक वाटते ते वेल्सचे. कोळशाच्या खाणींसाठी ख्यातनाम असलेल्या या चिमुकल्या देशात १९९८-९९ साली शेकडा ५ कचऱ्याचेही पुनर्चक्रण होत नव्हते, बाकीचा बहुतेक सारा खड्ड्यांत पुरला जाई. आणि २०१९-२० साली तेच प्रमाण शेकडा ६५ वर पोहोचले. शेजारचे इंग्लंड मात्र कित्येक वर्षे शेकडा ४४-४५ च्या घरातच घुटमळत आहे.

असे आकडे शेजारी शेजारी मांडताना सावधगिरी हवी. हा सारा हिशेब वजनाचा असल्याने बागेतील ओले गवत भाव खाऊन जाते आणि हलके प्लॅस्टिक तराजूत दिसतही नाही. शिवाय युरोपीय संघाने पूर्वी सभासद देशांना मोजणीच्या चार निरनिराळ्या पद्धतींची मुभा दिली होती. आता गोळा केलेला नव्हे, तर प्रत्यक्ष प्रक्रियेत शिरलेला मालच मोजावा असा दंडक झाला आहे, व तो रास्तच आहे.

परंतु मोजणीचे सारे भेद वजा घातले तरी वेल्सची चढण खरीच उरते. २०१० च्या कायद्याने तेथे टप्प्याटप्प्याची प्रमाणे मुकरर झाली, आणि कसूर करणाऱ्या स्थानिक संस्थेस कमी पडलेल्या दर टनामागे २०० पौंड दंडाची तजवीज झाली. मात्र या कायद्याचा खरा अंमल चालतो तो स्वयंपाकघरात. तेथे ओट्यावर झाकणाची एक लहानशी बादली असते, तिच्यात कुजणारी पिशवी, आणि पिशवीत बटाट्याच्या साली, चहाचा चोथा, चघळून टाकलेली हाडे. हा ओला कचरा दर आठवड्याला नेला जातो आणि त्यापासून वायू व खत तयार होते. उरल्यासुरल्या मिश्र कचऱ्याची गाडी मात्र अनेक ठिकाणी तीन आठवड्यांनी येते, आणि कॉन्वी परगण्यात तर २०१८ पासून चार आठवड्यांनी. तेव्हा माशाचे काटे त्या मोठ्या डब्यात टाकले, तर महिनाभर त्यांचा वास घरच्याच माणसांना सोसावा लागतो.