संग्रहालयात चोरून शिरणारी मुलं ते केळ्यांचा पियानो: 'क्रिएटिव्ह कोडिंग'च्या कार्यशाळांमध्ये नेमकं काय घडतं?

१९८९ चा डिसेंबर महिना. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात कॉम्प्युटर म्युझियम नावाचं संग्रहालय होतं. सुट्टीच्या आठवड्यात तिथे मुलांसाठी एक उपक्रम ठेवला होता. लेगोचे ठोकळे, छोट्या मोटरी आणि 'लोगो' ही कॉम्प्युटरची भाषा एवढंच साहित्य. ठोकळ्यांचं यंत्र जोडायचं आणि ते कसं हलेल हे कॉम्प्युटरवर लिहायचं.

सुट्टी संपली आणि उपक्रमही संपला. पण काही मुलं परत परत येत राहिली. मग संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांना सूचना आली, 'काही मुलं चोरून आत शिरत आहेत, लक्ष ठेवा.' ही तीच मुलं होती. त्यांना काही पळवायचं नव्हतं, पुन्हा काहीतरी बनवायचं होतं. शाळा सुटल्यावर असं काही करता येईल अशी दुसरी जागा त्यांना सापडत नव्हती.

तो उपक्रम घेणाऱ्या नॅटली रस्क आणि एमआयटी मीडिया लॅबचे मिच रेझनिक यांनी ही गोष्ट मनावर घेतली. १९९३ मध्ये त्याच संग्रहालयात 'कॉम्प्युटर क्लबहाउस' सुरू झालं. मुलांनी शाळेनंतर यायचं, आपल्या आवडीचं चित्र, संगीत, अ‍ॅनिमेशन किंवा यंत्र बनवायचं आणि अडलं तर शेजारच्याला विचारायचं. पुढे अशी क्लबहाउस अनेक देशांत उघडली. आज लाखो मुलं वापरतात ती 'स्क्रॅच' ही प्रोग्रॅमिंगची भाषाही तिथल्याच अनुभवातून घडली आणि २००७ मध्ये सर्वांसाठी खुली झाली.

आज जगभरातल्या शहरांमध्ये मोठ्या माणसांसाठीही अशा कार्यशाळा होतात. तिथे चित्रकार येतात, शिक्षक येतात, आजवर कोडची एक ओळही न लिहिलेली माणसं येतात. या कार्यशाळांमध्ये काय शिकवतात आणि ते शिकायला एकत्र का बसावं लागतं, ते समजून घेऊ.

क्रिएटिव्ह कोडिंग म्हणजे काय?

बँकेचं अ‍ॅप किंवा रेल्वेचं तिकीट काढण्याची वेबसाइट बनवताना काय हवं आहे ते आधी ठरलेलं असतं. कोड लिहिणाऱ्याने तिथपर्यंत पोहोचायचं असतं. क्रिएटिव्ह कोडिंगमध्ये शेवट ठरलेला नसतो. रंग, मातीसारखंच कोड हे एक साहित्य. एक नियम लिहायचा, पडद्यावर काय दिसतं ते बघायचं, आवडलं नाही तर नियम बदलायचा.

या कलेतला 'इंटरॅक्टिव्ह' प्रकार आणखी एक पाऊल पुढे जातो. समोरचा माणूस हलला, बोलला किंवा त्याने हात लावला की चित्र बदलतं. म्हणजे प्रेक्षक आल्याशिवाय कलाकृती पूर्णच होत नाही.

ही कल्पना कधीपासूनची?

वाटते त्यापेक्षा जुनी आहे. व्हेरा मोलनार या चित्रकर्तीचा जन्म १९२४ मध्ये बुडापेस्टचा. पुढे त्या पॅरिसमध्ये स्थायिक झाल्या. १९५९ पासून त्या एका काल्पनिक यंत्राचे नियम ठरवून हाताने चित्रं काढत होत्या. खरा कॉम्प्युटर त्यांना वापरायला मिळाला तो १९६८ मध्ये. २०२३ मध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

त्याच सुमारास जर्मनीत गेओर्ग नेस यांनी 'श्कोटर' हे चित्र कॉम्प्युटरकडून काढून घेतलं. त्यात १२ चौकोनांची एक रांग, अशा २२ रांगा आहेत. वरचे चौकोन शिस्तीत उभे आहेत. खाली येता येता ते तिरके होतात, सरकतात आणि शेवटी ढिगाऱ्यासारखे विस्कटतात. २६४ चौकोनांचं हे चित्र आज थोड्याशा ओळींमध्ये काढता येतं. त्यामुळे कार्यशाळांमध्ये ते सरावाला घेतलं जातं.

पण तेव्हा कॉम्प्युटर मोठ्या प्रयोगशाळांमध्येच होते. ते घरोघरी आल्यावरही कोड लिहिणं कलाकारांना अवघड जात होतं. २००१ मध्ये एमआयटी मीडिया लॅबमध्ये केसी रीस आणि बेन फ्राय यांनी 'प्रोसेसिंग' नावाचं मोफत साधन तयार करायला घेतलं. त्यात प्रत्येक प्रोग्रॅमला 'स्केच' म्हणतात. चित्रकार वहीत कच्चं रेखाटन करतो, तसंच इथेही करून बघायचं, हा त्यामागचा विचार.

२०१३ मध्ये लॉरेन ली मॅकार्थी या कलाकार स्त्रीने तीच कल्पना ब्राउझरमध्ये आणण्याचं काम सुरू केलं. त्याचं नाव 'पी-फाइव्ह जेएस'. त्यासाठी कॉम्प्युटरवर काही इन्स्टॉल करावं लागत नाही. वेबसाइट उघडली, डावीकडे कोड लिहिला आणि बटण दाबलं की उजवीकडे चित्र दिसतं.

पहिल्या तासात काय होतं?

सुरुवात बहुतेक वेळा एका वर्तुळापासून होते. पडदा म्हणजे आलेख कागद समजायचा. फरक एवढाच की शाळेतल्या आलेखात शून्य खालच्या डाव्या कोपऱ्यात असतं, इथे ते वरच्या डाव्या कोपऱ्यात असतं आणि आकडा वाढला की आपण खाली जातो. वर्तुळ काढायला तीन आकडे लागतात: डावीकडून किती अंतरावर, वरून किती अंतरावर आणि व्यास किती. ४०० बाय ४०० च्या चौकटीत २००, २०० आणि ५० असे आकडे दिले की बरोबर मधोमध वर्तुळ उमटतं.

आता पहिल्या दोन आकड्यांच्या जागी 'माउस जिथे असेल ती जागा' असं लिहायचं. कॉम्प्युटर तेच चित्र सेकंदाला साधारण ६० वेळा नव्याने काढत असतो. त्यामुळे वर्तुळ माउसच्या मागे धावू लागतं.

खरी मजा पुढच्या पायरीवर आहे. दर वेळी नवं वर्तुळ काढण्याआधी मागचा पडदा पुसायची एक ओळ कोडमध्ये असते. ती ओळ तिथून काढून अगदी सुरुवातीला, एकदाच चालेल अशा जागी ठेवायची. आता जुनी वर्तुळं पुसली जात नाहीत. माउस फिरेल तसा वर्तुळांचा माग उमटत जातो आणि सात-आठ ओळींचा तो प्रोग्रॅम चित्र काढायचा ब्रश होतो.

अनेकदा हे चुकून घडतं. कोणाची तरी ओळ चुकीच्या जागी पडते, पडद्यावर भलतंच काही दिसतं आणि शेजारचा विचारतो, 'हे कसं केलंस?' इथे चुकलेला कोडही नवं चित्र देऊन जातो.

पडद्याला आपण आलेलो कसं कळतं?

कॅमेऱ्यातून आलेलं चित्र म्हणजे पिक्सेलची जाळी. प्रत्येक पिक्सेलच्या रंगाचे आकडे असतात. आत्ताच्या चित्रातले आकडे आणि क्षणभरापूर्वीच्या चित्रातले आकडे यांची वजाबाकी केली तर जिथे फरक जास्त तिथे हालचाल झाली, हे कळतं. मायक्रोफोनचंही तसंच. आवाज किती मोठा आहे याचा आकडा मिळतो. तो वर्तुळाच्या व्यासाला जोडला की टाळी वाजवल्यावर वर्तुळ फुगतं.

हात लावून काही करायचं असेल तर 'मेकी मेकी' नावाचं छोटं सर्किट वापरतात. एमआयटीमधल्या जे सिल्व्हर आणि एरिक रोझेनबॉम यांनी ते बनवलं आणि २०१२ मध्ये ते लोकांपुढे आलं. एका हातात त्याची एक वायर धरायची आणि दुसऱ्या हाताने दुसऱ्या वायरला जोडलेल्या केळ्याला हात लावायचा. केळ्यातून आणि शरीरातून अगदी क्षीण, जाणवणारही नाही इतका विद्युतप्रवाह जातो, सर्किट पूर्ण होतं आणि कॉम्प्युटरला वाटतं की कीबोर्डचं बटण दाबलं. पाच केळी, पाच सूर, झाला पियानो. दोन माणसांनी एकेक वायर धरून एकमेकांना टाळी दिली तरी सूर वाजतो.

रांगोळी काढणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल

ठिपक्यांच्या रांगोळीच्या पुस्तकात 'ठिपके १५ ते ८' असं लिहिलेलं असतं. मधल्या ओळीत १५ ठिपके, मग वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी करत ८ पर्यंत जायचं. असे एकूण १६९ ठिपके होतात, पण ते कुणी मोजून मांडत नाही. नियम माहीत असला की हात आपोआप चालतो. कॉम्प्युटरच्या भाषेत यालाच 'लूप' म्हणतात.

हे साम्य संशोधकांच्याही लक्षात आलं होतं. १९७० च्या दशकात तेव्हाच्या मद्रासमध्ये गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तामिळनाडूतल्या 'कोलम' रांगोळ्यांचं व्याकरण कॉम्प्युटर शास्त्राच्या नियमांमध्ये मांडलं. ज्यांना 'गणित आपल्याला जमत नाही' असं वाटतं, अशा अनेक जणी दारात रोज असे नियम मांडत असतात.

व्हिडिओ बघून शिकता येत नाही का?

येतं. मोफत व्हिडिओ भरपूर आहेत. पण घरी एकट्याने शिकताना एक स्वल्पविराम चुकला की पडदा कोरा राहतो आणि 'हे आपलं काम नाही' असं म्हणून माणूस लॅपटॉप बंद करतो. कार्यशाळेत तीच चूक आजूबाजूच्या चार जणांनी केलेली दिसते.

म्हणूनच या समुदायांनी वागण्याचे काही नियमही ठरवले आहेत. 'पी-फाइव्ह जेएस'च्या समुदायाच्या जाहीर निवेदनात म्हटलं आहे, की समोरच्याला एखादी गोष्ट माहीत असायलाच हवी असं कुणी गृहीत धरू नये. 'एवढंही येत नाही?' हा प्रश्न नवख्याला दारातूनच परत पाठवतो, हे त्यांनी ओळखलं आहे.

एकत्र बसून काय होऊ शकतं याचं एक मोठं उदाहरण २००९ मधलं आहे. लॉस एंजेलिसमधला 'टेम्प्ट वन' या नावाने ओळखला जाणारा ग्राफिटी कलाकार टोनी क्वान एएलएस या आजाराने अंथरुणाला खिळला होता. त्याचं सगळं शरीर लुळं पडलं होतं, फक्त डोळे हलत होते. झॅक लिबरमन, थिओ वॉटसन, इव्हान रॉथ अशा काही कलाकार-प्रोग्रॅमरनी एकत्र येऊन त्याच्यासाठी 'आयरायटर' बनवला. साधी चष्म्याची फ्रेम, व्हिडिओ गेमचा स्वस्त कॅमेरा आणि बुबुळ कुठे वळलं हे ओळखणारा प्रोग्रॅम. टेम्प्टने कित्येक वर्षांनी पुन्हा चित्र काढलं, तेही हॉस्पिटलच्या खाटेवरून, फक्त डोळ्यांनी. ती अक्षरं प्रोजेक्टरने शहरातल्या इमारतीवर झळकली.

हा प्रोग्रॅम आणि बनवण्याची कृती त्यांनी सगळ्यांसाठी मोफत खुली केली. २०१० मध्ये आयरायटरला ऑस्ट्रियातल्या आर्स इलेक्ट्रॉनिका या संस्थेचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. कॅमेऱ्यातून हालचाल ओळखून तिला चित्राशी जोडायचं, हे त्यातलं मूळ तंत्र कार्यशाळेत नवखेही शिकतात.

एआय कोड लिहून देत असताना हे कशाला?

आज चॅटबॉटला सांगितलं तर वर्तुळ धावायला लावणारा कोड काही सेकंदांत मिळतो. मग प्रश्न येतो तो पुढचा. वर्तुळ जरा रेंगाळत यायला हवं असेल तर काय बदलायचं? हालचाल ओळखणारा कॅमेरा अंधाऱ्या खोलीत का चुकतो? कोड वाचता आला नाही तर मिळेल ते स्वीकारावं लागतं.

हा प्रश्न कलेपुरता नाही. फोन उघडल्यावर काय आधी दिसावं, कुठे लाल ठिपका यावा, व्हिडिओ संपताच दुसरा आपोआप सुरू व्हावा का, हे सगळे कुणीतरी लिहिलेले नियम आहेत. ज्याने एकदा स्वतःच्या हाताने पडद्याचा नियम बदलून पाहिला, त्याला हे नियमही बदलता येण्यासारखे आहेत हे कळतं.

अडचणी कोणत्या?

पहिली अडचण भाषेची. कोडमधले शब्द इंग्रजी असतात. 'पी-फाइव्ह जेएस'ची वेबसाइट हिंदीतही आहे, पण आज्ञा इंग्रजीतच लिहाव्या लागतात. नेदरलँड्समधल्या फेलिएन हर्मन्स यांनी २०२० मध्ये बनवलेल्या 'हेडी' या भाषेत मात्र हिंदी, अरबी अशा भाषांमध्ये आज्ञाही लिहिता येतात.

दुसरी अडचण साधनांची. अनेक घरांमध्ये लॅपटॉप नसतो, फक्त फोन असतो आणि फोनवर कोड टाइप करणं जिकिरीचं होतं. तिसरी अडचण वेळेची. एका दिवसाच्या कार्यशाळेत गोडी लागते, हात बसत नाही. बोस्टनच्या मुलांचं तेच झालं होतं.

आपल्याकडे करायचं असेल तर?

फार सामान लागत नाही. इंटरनेट असलेली शाळेची कॉम्प्युटर लॅब किंवा वाचनालयाची एखादी खोली, दोघांत एक कॉम्प्युटर आणि थोडाफार कोड येणारी दोन-तीन माणसं पुरतात. पहिल्या दिवशी वर्तुळ, ब्रश आणि ठिपक्यांची रांगोळी एवढं झालं तरी पुष्कळ. शेवटची २० मिनिटं मात्र राखून ठेवायची, प्रत्येकाने आपला पडदा इतरांना दाखवण्यासाठी.

आणि निघताना पुढच्या वेळेचा दिवस सांगून ठेवायचा. म्हणजे कुणाला चोरून आत यावं लागणार नाही.