सियागंजपासून समुद्र किती दूर?

इंदूरच्या रेल्वे स्थानकाजवळील सियागंज ही माळव्यातील मोठी किराणा पेठ. खोबरे, सुपारी, काजू असा किनाऱ्यावरचा माल येथे पोत्यांनी उतरतो आणि गावोगावच्या दुकानांत जातो. पेठेला समुद्र ठाऊक आहे तो इतकाच, भावापुरता. परंतु या शहराचे समुद्राशी याहून जवळचे एक नाते आहे आणि ते नळातून येते.

इंदूर विंध्याच्या उत्तर उतारावर वसलेले आहे. येथील पावसाचे पाणी खान नदीतून क्षिप्रेत, क्षिप्रेतून चंबळेत, पुढे यमुनेत व गंगेत आणि अखेरीस बंगालच्या उपसागरात जाते. नर्मदा मात्र विंध्याच्या दक्षिणेकडून वाहते आणि अरबी समुद्रास मिळते. १९७० साली इंदूरच्या नागरिकांनी नर्मदेचे पाणी शहरात आणावे म्हणून मोठे आंदोलन केले. १९७८ साली ते पाणी जलूदहून विंध्याचा चढ चढून शहरात पोचले. तेव्हापासून इंदूरची घरे पाणी पितात ते अरबी समुद्राच्या वाटणीचे, आणि सांडपाणी सोडतात ते बंगालच्या उपसागराच्या वाटेवर. समुद्राचे दर्शनही ज्याला नाही असे हे शहर दोन समुद्रांच्या व्यवहारात भागीदार होऊन बसले आहे.

किनाऱ्यावरील ताण म्हटले की बंदरे, हॉटेले, वाळूचा उपसा, चढत चाललेले समुद्राचे पाणी, असे चित्र डोळ्यांपुढे येते. ते खोटे नव्हे. १९९० ते २०१८ या काळातील केंद्र सरकारच्या पाहणीत भारताच्या किनाऱ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग झिजत असल्याचे आढळले. परंतु किनारा समुद्राने जितका घडविला तितकाच नद्यांनी. नदीचा गाळ म्हणजे किनाऱ्याचे भांडवल. तो वाटेतच अडला तर किनारा शिलकीवर जगू लागतो. म्हणूनच अलीकडे विद्यापीठांतून किनाऱ्यांवर जे प्रबंध लिहिले जातात, त्यांपैकी काही एका विद्याशाखेत मावत नाहीत. त्यांना आंतरविद्याशाखीय म्हणतात. नाव अवजड आहे, कल्पना साधी आहे: एका प्रश्नाला जितकी शास्त्रे लागतील तितकी लावावयाची.

नर्मदेच्या मुखाकडे पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. भडोच, म्हणजे आजचे भरूच, हे तेथील जुने बंदर. पावसाळ्यात नदीचा लोंढा समुद्रात शिरला की हिलसा मासा त्या गोड्या पाण्याच्या खुणेने खाडीत येतो, वर चढतो आणि अंडी घालतो. भरूचच्या मच्छीमारांचे वर्षाचे गणित या काही आठवड्यांवर उभे असे. मुखापासून दीडशे किलोमीटरहून अधिक वर सरदार सरोवर उभे राहिले, २०१७ साली त्याचे दरवाजे बंद झाले, आणि धरणाखाली नित्य सोडावयाचे पाणी सहाशे क्युसेक ठरले. खाडीत खारे पाणी वर सरकले. हिलशाची आवक घटली.

आता हे कशामुळे घडले, असे विचारले तर प्रत्येक शास्त्र आपले उत्तर देते. जलशास्त्रज्ञ म्हणेल, पाणी कमी झाले. मत्स्यशास्त्रज्ञ म्हणेल, किती आले यापेक्षा केव्हा आले हे महत्त्वाचे. मासा वर्षाची सरासरी मोजत नाही. रसायनशास्त्रज्ञ अंकलेश्वरच्या कारखान्यांकडे बोट दाखवील, आणि आणखी कोणी बारीक आसाच्या जाळ्यांकडे. चौघेही काही अंशी बरोबर असू शकतात. कोणाचा अंश किती, हे मात्र चौघांना एकत्र बसविल्यावाचून कळणार नाही.

यात कायद्याचा अभ्यासकही हवा. नर्मदा जलविवाद न्यायाधिकरणाच्या १९७९ च्या निवाड्यात नदीचे वापरण्याजोगे पाणी २८ दशलक्ष एकर-फूट धरले गेले. त्यातून मध्य प्रदेशास १८.२५, गुजरातेस ९, राजस्थानास ०.५ आणि महाराष्ट्रास ०.२५ मिळाले. बेरीज करून पाहावी. ती बरोबर २८ भरते. सियागंजातील मुनिमास ही खतावणी निर्दोष वाटेल. परंतु त्यात समुद्राच्या नावाचे पानच नाही. खारेपण अडविण्यासाठी पुढे भाडभूत येथे बंधारा योजिला गेला आणि २०१७ साली त्याची पायाभरणी झाली. पाणी गोडे राहील, हा त्यामागील अभियंत्याचा विचार. हिलशाची वाट बंद होईल, ही मच्छीमारांची हरकत. दोघांची भाषा जाणणारा कोणी मध्ये असावयास हवा, तो हाच संशोधक.

त्याचे काम सोपे नाही. खंबायतच्या आखातात भरती-ओहोटीतील फरक दहा मीटरांपर्यंत जातो. ओहोटीला मैलोगणती चिखल उघडा पडतो, तेव्हा किनाऱ्याची रेषा नेमकी कोठे धरावयाची? दोन वर्षांची उपग्रहचित्रे ताडून पाहावीत, तर ती भरतीच्या एकाच घटकेची हवीत, नाहीतर न झालेली झीज दिसू लागते. भरती सुमारे साडेबारा तासांनी फिरते, माशाचा हंगाम वर्षाने येतो, धरण शतकासाठी बांधतात आणि प्रबंधाची शिष्यवृत्ती चारपाच वर्षांत संपते!

नर्मदेच्या मुखाशी ताण नदीच्या वरच्या अंगाने आला. गोव्याच्या खाजणांत तो बऱ्याच अंशी कायद्याच्या पुस्तकातून आला, आणि ते उदाहरण अधिक बोलके आहे. मांडवी व झुआरीच्या खाड्यांलगत भरतीच्या पातळीखाली असलेली सुमारे १८,००० हेक्टर जमीन गोवेकरांनी शतकानुशतके बांध घालून पिकविली. बांधातील लाकडी झडपांना मानस म्हणतात. भरतीच्या रेट्याने त्या आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. खारेपण सोसणारे कोरगुट भात आत पिकते, आणि मानशीवर मासळी धरण्याचा हक्क लिलावाने दिला जातो. बांधांची निगा गावकारीकडे असे.

१९६४ च्या कुळकायद्याने कसणाऱ्यास संरक्षण दिले. ते न्याय्यच होते. परंतु बांधांची जबाबदारी गावकारीच्या हातून कुळांच्या संघटनांकडे गेली, आणि कित्येक ठिकाणी ती कोणाचीच राहिली नाही. खनिजाच्या बार्जांच्या लाटांनी बांध खचले. मानशीच्या लिलावाची रक्कम भाताहून मोठी झाली, तसे खारे पाणी आत अधिक वेळ ठेवण्याचा मोह वाढला. पाणी राहिले तेथे तिवरे उगवली.

येथे दुसरा कायदा भेटतो. १९९१ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेने समुद्रालगतच्या ५०० मीटरांच्या पट्ट्यावर निर्बंध घातले व तिवरांना कडक संरक्षण दिले. २०११ व २०१९ मध्ये नियम बदलले, तरी ते संरक्षण राहिले. तिवरे लाटा अडवितात, मासळीच्या पिलांना आसरा देतात, म्हणून ते योग्यच आहे. मात्र बांध दुरुस्त करून पुन्हा भात लावू पाहणाऱ्या शेतकऱ्यास आपल्याच शेतातील तिवर तोडता येत नाही. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी त्या जागी हिरवाई वाढली अशी नोंद करील. शेतीशास्त्राचा, शेत बुडाले अशी. ते तिवर कोणत्या वर्षी, कोणत्या कुळाच्या शेतात आणि कोणता बांध फुटल्यावर उगवले, हे उपग्रहाच्या चित्रात मिळत नाही. त्यासाठी चिखल तुडवीत बांधावर, आणि मग मामलेदार कचेरीतील जुन्या दप्तरापाशी जावे लागते.