मोठे पाऊल, वेगाचा उतार: स्नोबोर्ड निवडण्याविषयीचे गैरसमज

पावसाळा संपला की दादर-परळच्या ट्रेकिंग ग्रुपांमध्ये सह्याद्रीबरोबर हिमालयाचेही बेत सुरू होतात. त्यात आता गुलमर्गचे नाव वारंवार येते. तिथला गंडोला, म्हणजे रोपवे, सुमारे २,६५० मीटरवरून निघतो आणि दोन टप्प्यांत अफरवट पर्वताच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ ४,००० मीटर उंचीवर, नेऊन सोडतो. तिथून खाली आखून दिलेली, दाबून सपाट केलेली वाट नसते. असतो तो मोकळा, उभा, ताज्या बर्फाचा उतार. अशा उतारावर स्वतःची वाट काढत वेगाने उतरण्याला फ्रीराइडिंग म्हणतात. २०२० साली गुलमर्गला पहिल्या 'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धा झाल्या. त्यात स्नोबोर्डिंगही होते, आणि तेव्हापासून हा खेळ आपल्याकडच्या तरुणांच्या अधिक नजरेत आला.

अडचण साहित्याची आहे. धोबी तलावच्या दुकानांत बॅट हातात तोलून घेता येते, कॅरमचा बोर्ड बोटांनी तपासता येतो. स्नोबोर्ड असा पारखून घेण्याची सोय दादर-गिरगावात नाही. मग परदेशातल्या नातेवाइकाला सांगून किंवा ऑनलाइन, न बघताच तो मागवला जातो. पायाचे माप मोठे असेल तर इथेच हजारो रुपये वाया जातात आणि उतारावर धोकाही वाढतो. म्हणून नेहमी ऐकू येणारे काही समज एकेक करून तपासू.

गैरसमज १: बुटाचा नंबर माहीत आहे, तेवढे पुरे.

वस्तुस्थिती: आपल्याकडच्या बुटांवर बहुधा ब्रिटिश नंबर असतो, तर स्नोबोर्डच्या दुनियेत अमेरिकन नंबर चालतो. ब्रिटिश १० म्हणजे पुरुषांच्या मापात साधारण अमेरिकन ११. हा एका नंबरचा फरक लक्षात आला नाही तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. त्यापेक्षा मोंडो माप भरवशाचे, कारण ते थेट पावलाची लांबी सांगते. पाऊल २९ सेंटिमीटर असेल तर मोंडो २९.

माप घरीच घ्या. दिवसभर चालून पाऊल थोडे फुगते, म्हणून संध्याकाळ बरी. जमिनीवर कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवा, पूर्ण वजन देऊन उभे राहा आणि सर्वांत लांब बोटापुढे खूण करा. दोन्ही पावले मोजा आणि मोठे माप धरा. पावलाची रुंदीही लिहून ठेवा. ब्रिटिश १० आणि त्यापुढचे माप असेल तर तुम्ही रुंद बोर्डाच्या हद्दीत आला आहात असे समजायला हरकत नाही.

गैरसमज २: जाड मोजे घालायचे असतात, म्हणून बूट एक नंबर मोठा घ्यावा.

वस्तुस्थिती: शाळेचे बूट 'वाढत्या अंगाचे' घेण्याची आपली सवय इथे उलटते. सैल बुटात वळण घेताना टाच वर उचलली जाते, पायाचा जोर बोर्डाच्या कडेपर्यंत उशिरा पोहोचतो, आणि वेगात हा उशीर महागात पडतो. नव्या बुटात सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे हलकी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर जराशी मागे सरली पाहिजेत. आतले अस्तर काही दिवसांच्या वापराने दबते, त्यामुळे सुरुवातीला घट्ट वाटणारा बूट पुढे बरोबर बसतो. मोजे एकच जोडी घाला, पातळ किंवा मध्यम, लोकरीचे. दोन जोड्या घातल्या की घडी पडते, रक्तप्रवाह दबतो आणि पाय उलट जास्त गार पडतो.

मोठ्या पावलांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. एकाच मोंडो मापाच्या दोन बुटांची बाहेरची लांबी सारखी नसते. काही कंपन्या बाहेरून मुद्दाम आखूड ठेवलेले बूट बनवतात. बोर्डावर जागा व्यापते ती बाहेरची लांबी, त्यामुळे आधी बूट पक्का करा आणि बोर्ड नंतर निवडा.

गैरसमज ३: बूट बोर्डाबाहेर जराही येता कामा नये.

वस्तुस्थिती: थोडा यायलाच हवा. चवड्याने आणि टाचेने कडेवर दाब देता यावा म्हणून दोन्ही बाजूंना एक ते दोन सेंटिमीटर बूट बाहेर असणे चांगले. त्याहून जास्त आला तर मात्र बोर्ड कडेवर कलंडताच बुटाचे टोक बर्फात घासते. याला टो ड्रॅग म्हणतात. टाचेकडेही तेच होते.

हे साध्या भूमितीने समजते. समजा बुटाचे टोक बोर्डाच्या तळापासून ३ सेंटिमीटर उंच आहे. ते २ सेंटिमीटर बाहेर असेल, तर बोर्ड सुमारे ५६ अंश कलल्यावर कडक बर्फाला लागेल. ३ सेंटिमीटर बाहेर असेल, तर ४५ अंशांतच लागेल. हळू उतरणारा एवढा कलतच नाही, त्यामुळे त्याला ही अडचण कधी जाणवत नाही. वेगाने, अंग झोकून वळणाऱ्याला नेमक्या त्याच क्षणी ती गाठते: टोक घासते, कड बर्फातून उचलली जाते आणि माणूस आपटतो. मऊ बर्फात कड खोल रुतते, त्यामुळे बूट आणखी लवकर टेकतो. म्हणूनच आक्रमक फ्रीराइडिंग करणाऱ्या मोठ्या पावलाच्या माणसाने बोर्ड निवडताना त्याची रुंदी सर्वांत आधी बघावी.

गैरसमज ४: बाइंडिंगचा कोन वाढवला की अरुंद बोर्डही चालतो.

वस्तुस्थिती: बाइंडिंग म्हणजे बूट बोर्डाला जखडणारी पकड. तिच्या कोनाने जागा वाचते, पण वाटते तेवढी नाही. बाहेरून ३१५ मिलिमीटरचा बूट १५ अंशांत वळवला, तर बोर्डाच्या आडव्या रेषेवर तो साधारण ३०४ मिलिमीटर व्यापतो. वाचले ते जेमतेम एक सेंटिमीटर, आणि दोन बाजूंत वाटले तर प्रत्येकी अर्धा. शिवाय हा फायदा पुढच्या पायाला मिळतो. मागचा पाय अनेक जण शून्य अंशाजवळ ठेवतात. तिथे पूर्ण ३१५ मिलिमीटर आडवे येतात, त्यामुळे घासतो तो बहुतेक वेळा मागचाच बूट. हिशेब त्याच पायाचा करा.

बोर्डाच्या तक्त्यात दिलेली 'वेस्ट' म्हणजे मधल्या, सर्वांत चिंचोळ्या भागाची रुंदी असते. पाय त्याच्या पुढे-मागे बसतात, आणि तिथे बोर्ड साधारण एक सेंटिमीटरने रुंद असतो. वेस्ट २५२ मिलिमीटर असेल तर पायाखाली सुमारे २६२. त्यावर शून्य अंशातला ३१५ मिलिमीटरचा बूट दोन्ही बाजूंना अडीच सेंटिमीटरहून जास्त बाहेर येईल. २६५ मिलिमीटर वेस्टवर तोच बूट सुमारे दोन सेंटिमीटरच बाहेर येईल. फरक तेरा मिलिमीटरचा आहे, पण वेगात तोच निर्णायक ठरतो.

बाइंडिंग बसवताना बूट मधोमध आला आहे का, हेही तपासा. कित्येकदा टाचेकडे जागा रिकामी असते आणि पुढचे टोक मात्र घासत राहते. मधली चकती आणि टाचेचा कप सरकवून दोन्ही बाजू सारख्या केल्या की बरीच अडचण फुकटात सुटते. बूट किंचित उंच करणाऱ्या पट्ट्याही मिळतात. त्यांनी थोडी मदत होते, पण फारच अरुंद बोर्ड त्यांनी वाचत नाही.

गैरसमज ५: रुंद बोर्ड म्हणजे मंद बोर्ड.

वस्तुस्थिती: हा समज लहान पावलाच्या लोकांच्या अनुभवातून आला आहे, आणि त्यांच्यापुरता तो खरा आहे. ब्रिटिश ७ नंबरवाल्याला २६५ मिलिमीटरचा बोर्ड एका कडेवरून दुसऱ्या कडेवर न्यायला कष्ट पडतात, कारण त्याचा चवडा कडेपर्यंत पोहोचतच नाही. ११ नंबरचे पाऊल मात्र लांब दांड्याच्या पान्यासारखे काम करते. तेवढ्याच जोरात जास्त पीळ देते. रुंदी पावलाच्या प्रमाणात असली की बोर्ड चपळच वाटतो. ताज्या बर्फात तर रुंदीचा थेट फायदा आहे: पृष्ठभाग वाढतो, बोर्ड वर तरंगतो आणि मागचा पाय कमी दमतो.

याची दुसरी बाजूही खरी आहे. पाऊल मोठे आहे म्हणून मिळेल तो सर्वांत रुंद बोर्ड उचलू नका. बूट कडेच्या आतच राहिला, तर कडक बर्फावर पकड बसवायला वेळ लागतो. मापाच्या आकड्यापुढे 'डब्ल्यू' अक्षर असेल तर तो रुंद बोर्ड, पण प्रत्येक कंपनीचा 'डब्ल्यू' वेगळा असतो. अक्षर बघू नका, मिलिमीटर बघा. स्त्रियांसाठीचे बोर्ड सहसा अरुंद असतात, म्हणून मोठ्या पावलाच्या मुलींनीही पुरुषांचा बोर्ड निःसंकोच घ्यावा.

गैरसमज ६: बोर्ड हनुवटीपर्यंत आला की लांबी बरोबर.

वस्तुस्थिती: बोर्डाला तुमची उंची कळत नाही, वजन कळते. भाड्याच्या दुकानात चटकन बोर्ड निवडण्यापुरता हनुवटीचा ठोकताळा ठीक आहे. खरेदी करताना कंपनीचा वजनाचा तक्ताच पाहावा. वजन तक्त्यातल्या वरच्या मर्यादेच्या जवळ असेल आणि चाल वेगाची असेल, तर तो बोर्ड तुमच्याखाली लवकर हार मानतो. फ्रीराइडसाठी थोडी जास्त लांबी घेतात, कारण बर्फाला टेकणारी कड जितकी लांब, तितका वेगात बोर्ड स्थिर. साधारण नव्वद किलोच्या, जोरात उतरणाऱ्या माणसाला १६२ ते १६६ सेंटिमीटरच्या आसपासचा रुंद बोर्ड शोभतो. हल्ली मुद्दाम आखूड आणि रुंद केलेले बोर्डही येतात. झाडीतल्या मऊ बर्फात ते मजेदार आहेत, पण मोकळ्या उतारावर वेग हाच हेतू असेल तर फार आखूड जाऊ नका.

गैरसमज ७: जितका ताठ, तितका वेगवान.

वस्तुस्थिती: ताठपणाने वेगात भरवसा मिळतो हे खरे, पण तो बोर्ड वाकवण्याइतके वजन, ताकद आणि तंत्र तुमच्याकडे हवे. नसेल तर वळण पूर्ण होत नाही आणि थकलेल्या पायांनी ताबा सुटतो. शिवाय कंपन्या १ ते १० असा जो ताठपणाचा आकडा देतात, त्याचे कोणतेही सामाईक प्रमाण नाही. एकीचा ७ दुसरीचा ५ असू शकतो. बोर्डाइतकाच ताठ बूट आणि बाइंडिंगही लागते. मऊ बुटातून ताठ बोर्डाला हुकूम जात नाही.

आकाराकडेही नीट बघा. पायाखाली कॅम्बर, म्हणजे वर उचललेली कमान, कडक बर्फावर पकड देते. नाकाकडे वर वळलेला रॉकर ताज्या बर्फात बोर्ड बुडू देत नाही. शेपटी नाकापेक्षा थोडी चिंचोळी आणि पाय मध्यापेक्षा किंचित मागे असतील तर नाक आपोआप वर राहते. फ्रीराइडच्या बोर्डात बहुधा या गोष्टी एकत्र मिळतात.

गैरसमज ८: चांगला बोर्ड असला की डोंगर सुरक्षित.

वस्तुस्थिती: हिमस्खलनाला बोर्डाची किंमत कळत नाही. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या उतारावर झालेल्या हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर दगावले. मोकळ्या उतारावर जायचे तर बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव सांगणारे यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) आणि फावडे प्रत्येकाकडे हवे, ते वापरण्याचा सराव हवा आणि बरोबर जाणकार गाइड हवा. समुद्रसपाटीवरून आलेल्या मुंबईकराने पहिल्याच दिवशी चार हजार मीटरवर जोर लावू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. खर्चाची ओढाताण असेल तर बोर्ड एक वर्ष जुना घ्या, पण बीकन टाळू नका.

गैरसमज ९: हिवाळा संपला की बोर्ड माळ्यावर टाकला, काम झाले.

वस्तुस्थिती: मुंबईची हवा बर्फापेक्षा बोर्डाची जास्त वाट लावते. कडा पोलादाच्या असतात, आणि जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत त्यांना भराभर गंज चढतो. परत आल्यावर बोर्ड पूर्ण सुकवा, बाइंडिंग काढा, तळावर आणि कडांवर मेणाचा जाड थर द्या आणि तो खरवडू नका. तो पुढच्या मोसमापर्यंत राहू द्या. ओल्या पिशवीत कोंडू नका, तापणाऱ्या पत्र्याखाली ठेवू नका. बुटांतले अस्तर बाहेर काढून वाळवा, नाहीतर बुरशी धरते. गिरगावातल्या चाळीच्या खोलीत १६५ सेंटिमीटरचा बोर्ड दाराआड उभा राहतो. त्याला जागा फार लागत नाही, काळजी मात्र लागते.

या सगळ्यांतून खरेदीचा क्रम निघतो: आधी पावलाचे माप, मग बूट, मग बुटाच्या बाहेरच्या लांबीवरून बोर्डाची रुंदी, मग वजनावरून लांबी, आणि सर्वांत शेवटी ताठपणा, आकार आणि रंग. बहुतेक जण हा क्रम उलटा चालवतात, आणि म्हणूनच फसतात. गुलमर्गला भाड्याने घेणार असाल तर निघण्याआधी फोन करून तुमच्या मापाचे बूट आणि रुंद बोर्ड आहेत का ते विचारा. ते मिळतीलच असे गृहीत धरू नका. आणि पैसे भरण्यापूर्वी कागद, पेन्सिल आणि मोजपट्टी घेऊन दहा मिनिटे भिंतीला टाच लावून उभे राहा. मोठ्या पावलाचा माणूस या खेळात कुठेही कमी नाही, त्याला फक्त त्याच्या मापाचा बोर्ड हवा.