दुभंगलेल्या टाळूचे पिलू

बुलढाणा जिल्ह्यात चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर उंद्री हे गाव आहे. कापूस, सोयाबीन, तूर ही तेथील शिवारातील पिके. शेतकऱ्याच्या घरी गाय-बैल असतात, तसा कुत्राही असतो. रात्री रानडुकरांची चाहूल लागली, की धन्याच्या आधी तोच जागा होतो. अशा एखाद्या घरी गोठ्याच्या कोपऱ्यात कुत्री व्याली आहे, असे समजा. पाच पिले आईला बिलगून दूध पीत आहेत. चार दिवसागणिक गुबगुबीत होत आहेत; पाचवे मात्र वाळत चालले आहे. ते पिण्यासाठी धडपडते, मध्येच शिंकते, ठसकते आणि त्याच्या नाकपुड्यांतून दुधाचे बुडबुडे येतात. असे का व्हावे बरे?

मुलांनो, तुमची जीभ वरच्या दातांच्या मागे टेकवा आणि हळूहळू मागे न्या. पुढचा भाग कठीण व मागचा मऊ लागेल. हीच आपली टाळू. ती तोंडाचे छप्पर आहे आणि नाकाची जमीनही आहे. गर्भात ती आरंभी अखंड नसते. दोन्ही बाजूंनी दोन पडदे वाढत येतात आणि मध्यभागी एकमेकांस जुळतात. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो; त्यातील चौथ्या-पाचव्या आठवड्यात हे जुळण्याचे काम होते. ते अपुरे राहिले, तर टाळूत फट राहते. हिलाच दुभंगलेली टाळू म्हणतात. कधी कधी ओठही दुभंगलेला असतो.

फट असली म्हणजे पिलाला दूध नीट ओढता येत नाही. जे थोडे तोंडात येते, त्यातील काही नाकात शिरते आणि काही श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरते. तेथे दाह होऊन पिलू दगावू शकते. म्हणून पिले जन्मताच जाणत्या माणसाने प्रत्येकाचे तोंड उघडून उजेडात टाळू पाहावी.

ग्रहणाच्या वेळी गर्भवतीने काही चिरले, तर मुलाचा ओठ फाटतो, अशी समजूत आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी आहे. ती खरी नाही. ग्रहण म्हणजे सावल्यांचा खेळ. त्याचा ओठांशी वा टाळूशी काहीही संबंध नाही. या व्यंगाची काही कारणे आनुवंशिक असतात. काही वेळा गर्भावस्थेतील आहाराची उणीव किंवा काही औषधे कारण ठरतात. आखूड तोंडाच्या जातींच्या कुत्र्यांत हे व्यंग अधिक आढळते. यात आईचा अपराध नसतो आणि पिलाचाही नसतो.

आता या पिलाला वाचवायचे कसे? कोणीही मायाळू मूल प्रथम वाटीत दूध घेईल आणि चमच्याने त्याच्या तोंडात घालू लागेल. परंतु येथेच मोठा धोका आहे. फट असलेल्या तोंडात दूध ओतणे म्हणजे ते फुप्फुसात जाण्याची वाट मोकळी करणे होय. जे दूध जीवन देते, तेच चुकीच्या वाटेने गेले, तर जीव घेते.

म्हणून प्रथम सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. तेथील डॉक्टर पिलाच्या तोंडातून थेट पोटापर्यंत बारीक, मऊ नळी घालून दूध कसे द्यावे, हे घरातील मोठ्या माणसाला शिकवू शकतात. नळी चुकून श्वासनलिकेत गेली, तर अनर्थ होतो. म्हणून शिकल्यावाचून हे काम कोणीही करू नये. जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी आईचा चीक पोटात जाणे फार मोलाचे असते. रोगांशी झुंजण्याची शक्ती त्यातून मिळते. कुत्रीचे दूध गाईच्या दुधापेक्षा पुष्कळ दाट व स्निग्ध असते. यास्तव नुसत्या गाईच्या दुधावर पिलू नीट पोसत नाही. त्याला कोणते दूध किती द्यावे, हे डॉक्टरांनाच विचारावे. पहिल्या आठवड्यात रात्र असो वा दिवस, दर दोन-तीन तासांनी दूध द्यावे लागते.

ऊब ही दुसरी गरज. नवजात पिलाला स्वतःचे अंग उबदार राखता येत नाही. त्याला कोरड्या, मऊ कापडावर, वारा न लागेल अशा जागी ठेवावे. गारठलेल्या पिलाला दूध पचत नाही. आधी ऊब द्यावी, मग दूध. रोज एकाच वेळी त्याचे वजन करून वहीत लिहावे. वजन वाढत नसेल, अथवा श्वास घरघरू लागला, तर विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे.

वजन करणे, वहीत नोंद ठेवणे, कापड बदलणे ही कामे तुम्ही करू शकता. मात्र व्यालेल्या कुत्रीजवळ मोठ्या माणसांवाचून जाऊ नका. पिलांच्या काळजीने ती चावा घेण्याचा संभव असतो. पिलाला हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

असे पिलू साधारण तीन-चार महिन्यांचे झाले, की शस्त्रक्रियेने फट शिवता येते. कधी ती एकाहून अधिक वेळा करावी लागते. विदर्भात अकोला व नागपूर येथे आणि मुंबईत परळ येथे पशुवैद्यक शिकवणाऱ्या संस्था आहेत; परळचे महाविद्यालय तर १८८६ साली सुरू झाले. अशा ठिकाणच्या शल्यचिकित्सकांचा सल्ला घेता येतो. बऱ्या झालेल्या कुत्र्याची वीण मात्र वाढवू नये, म्हणजे हे व्यंग पुढच्या पिढीत उतरणार नाही.

सर्वच पिले वाचत नाहीत. फट फार मोठी असली किंवा फुप्फुसांना दाह झाला, तर शर्थ करूनही पिलू जाते. त्या वेळी वाईट वाटते. पण केलेली सेवा व्यर्थ गेली, असे मानू नये.

माणसाच्या बाळांतही हे व्यंग आढळते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बालकांच्या तपासणीच्या यादीत दुभंगलेले ओठ व टाळू यांचा समावेश आहे. वेळेवर शस्त्रक्रिया झाली, की अशी मुले तुमच्यासारखीच खातात, बोलतात, शाळेत जातात. तुमच्या वर्गात असा कोणी सोबती असेल, तर त्याला हसू नका.

पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्याला कोरडी पोळी लागू नये, म्हणून नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, अशी कथा आपण ऐकतो. तशी माया आपल्यापाशी असावीच. पण तूप कोणाला द्यावे, दूध कोणत्या वाटेने द्यावे, हे ज्ञान तिच्या जोडीला हवे. गोठ्यातल्या त्या पाचव्या पिलाला दोन्हींची गरज आहे.